सोनेरी झाकणाच्या सहा बाटल्या

जर्मन पाहुण्यानं पहिला घोट घेतला, भुवया वर नेल्या आणि तो घोट सावकाश रुमालात काढला. मग अगदी सभ्यपणे विचारलं, हे औषध आहे का?

देवासच्या कारखान्याच्या गेस्ट हाउसमधली ती मेजवानी तिथंच फिसकटली. मॅनेजरसाहेबांनी दुसरी बाटली उघडायला लावली. तिच्यातही तेच. बाटलीवर जर्मन लेबल आणि आत भलतंच काही. साहेबांनी टेबलाच्या टोकाला उभ्या असलेल्या शरदकडे पाहिलं.

शरद खरेदी विभागात नवा होता. नोकरी अजून कच्ची होती, पक्की व्हायला पंधरा दिवस उरले होते. मंगळवारी सकाळी त्याच्या हातात मेमो पडला. बाटल्यांतला माल बदलून कारखान्याची नाचक्की केल्याबद्दल बुधवारी दुपारी बारापर्यंत लेखी खुलासा द्या, नाहीतर घरी बसा.

मेमो खिशात कोंबून तो थेट उदाजीराव मोहित्यांकडे गेला. उदाजीराव आबकारी खात्यातून निवृत्त झालेले. गावात कुणी फसलं की पोलिसांच्या आधी लोक त्यांच्या ओसरीवर येत, कारण ते ओरडत नसत आणि फी वाजवी घेत.

"पहिल्यापासून सांग," ते म्हणाले.

"काय सांगू? साहेब म्हणाले, जर्मन माणूस येतोय, जर्मन बियर आण. १९८१ साली, देवासात! मी इंदूर पालथं घातलं. महूला गेलो. बायको माहेरी धारला गेलीय, तिला भेटायच्या निमित्तानं तिथलंही दुकान पाहिलं. सगळे हसले. शेवटी आपल्याच गावातल्या जायसवालच्या दारूच्या दुकानात मिळाली. इथून परत गेलेल्या कुण्या परदेशी इंजिनियरनं मागं ठेवलेली होती. म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"केव्हा घेतलीस?"

"शनिवारी दुपारी. सहा बाटल्या. त्यानं कागदात गुंडाळून दिल्या, मी पिशवीत टाकल्या आणि निघालो. दुकानात कुणी ओळखीचं भेटेल म्हणून नीट पाहिल्यासुद्धा नाहीत."

"आणि सोमवारपर्यंत?"

"घरी होत्या. गव्हाच्या कोठीमागं. आईला कळू दिलं नाही. दारूचं नाव काढलं तरी ती जेवत नाही."

"टेबलावर तू चव पाहिलीस का?"

"मी?" शरद चिडला. "आयुष्यात शिवलो नाही, काका. आईला शब्द दिलाय. म्हणून तर डोकं फिरतंय. न पिणाऱ्यानं दारूपायी नोकरी घालवायची."

उदाजीरावांनी छत्री उचलली. "आधी गेस्ट हाउस. मग दुकान. घर शेवटी."

गेस्ट हाउसचा स्वयंपाकी विठोबा आधीच वैतागलेला होता. सकाळपासून तिसऱ्यांदा त्याची झाडाझडती होत होती.

"साहेब, सोमवारी चारला शरदभियांनी पिशवी दिली. मी बाटल्या बर्फाच्या टपात ठेवल्या. संध्याकाळी साहेबांसमोरच खोलल्या. बस इतकंच. वरून मुंग्यांचा त्रास निराळा."

"कसल्या मुंग्या?"

"पिशवीत. बाटल्यांच्या गळ्याला लागल्या होत्या. मी पुसून काढल्या."

"खोलताना फेस आला?"

विठोबानं आठवून पाहिलं. "नाही हो. आवाजच नाही आला. मला वाटलं, परदेशी आहे, अशीच असेल."

उरलेल्या चार बाटल्या साहेबांनी पुरावा म्हणून कपाटात ठेवल्या होत्या. उदाजीरावांनी लेखी पावती देऊन त्यातली एक मागून घेतली आणि उघडली. झाकण हातात फिरवून पाहिलं. साधं, सोनेरी, काही न छापलेलं. बोटभर पेय तोंडात घेतलं, गिळलं, आणि झाकण खिशात टाकलं.

"काय आहे?" शरदनं विचारलं.

"दारू नाही."

"म्हणजे यानंच पिऊन पाणी भरलं." शरद विठोबाकडे वळला.

"दोन तासांत? साहेबांच्या स्वयंपाकाच्या गडबडीत? चल, दुकानात जाऊ."

वाटेभर शरद बडबडत राहिला. ऊन मी म्हणत होतं आणि त्याला प्रत्येक माणूस चोर दिसत होता. दुकानाशी पोचेपर्यंत त्यानं विठोबाला सोडून जायसवालला धरलं होतं.

जायसवालनं उदाजीरावांना पाहताच हात जोडले. जुन्या आबकारी साहेबांचा धाक निवृत्तीनंतरही शिल्लक होता.

"अरे भिया, मैं क्यों गड़बड़ करूँगा? सात बोतल थी. छह शरद भिया ले गए, सातवीं ये रही. बेचनी नहीं है, शो के लिए रखी है."

बाटली वरच्या फळीवर होती. पांढरं झाकण, त्यावर छापलेलं निळं जहाज. तिच्या खाली, दोन्ही बाजूंना, आपल्याकडच्या बियरच्या पेट्या छतापर्यंत रचलेल्या होत्या.

उदाजीरावांनी खिशातलं सोनेरी झाकण त्याच्यापुढं धरलं. "असं झाकण बसवायचं यंत्र आहे तुझ्याकडे?"

"यंत्र? वो तो फैक्टरी में होता है, साहब. म्हारे पास तो खोलने की चाबी है."

बाहेर येताच शरदचा संयम सुटला. "झाकण वेगळं आहे म्हणजे यानंच बदललं. सरळ आहे. मी खुलाशात याचंच नाव लिहितो."

"लिही. याचा परवाना जाईल. पण त्याआधी मला तहान लागलीय. तुझं घर जवळ आहे ना?"

घरी आई, जानकीबाई, एकटीच होती. उदाजीरावांना पाहून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"या भावजी. किती वर्षांनी आलात. उन्हातून आलात, नुसतं पाणी नको." ती आत गेली आणि दोन फुलपात्री घेऊन आली. गुळाचं पाणी होतं, गाळून घेतलेलं, सुंठ घातलेलं. उन्हाळ्यात त्या घरात आल्यागेल्याला तेच मिळे.

उदाजीराव ते सावकाश प्यायले आणि त्यांनी आणखी मागितलं. शरद फुलपात्र हातात धरून चुळबुळत होता. घड्याळात पाच वाजले होते.

"यंदा आमरस भरलात की नाही, वहिनी?"

"भरला तर. त्या काय, फळीवर आहेत." शरदनं दर वर्षीप्रमाणे भंगारवाल्याकडून आणलेल्या सोड्याच्या रिकाम्या बाटल्या उकळून त्यांत आईनं भरलेला रस ओळीनं उभा होता. दोन डझन बाटल्या, दोन डझन सोनेरी झाकणं. "रविवारी महिला मंडळात यंत्रावर ही रांग होती. झाकणं लावून घेईपर्यंत तीन तास गेले."

शरदनंही ती ओळ पाहिली. त्याला फक्त इतकंच वाटलं, की इथं नोकरी चाललीय आणि ही दोघं आमरसाच्या गप्पा मारताहेत.

"काका, उद्या बारापर्यंत मला—"

"बस, शरद. वहिनी, तुम्हीही बसा."

उदाजीरावांनी खिशातलं झाकण फुलपात्राशेजारी ठेवलं.

"तीस वर्षं मी बनावट दारू पकडली. बनावट करणारा एक गोष्ट कधीच विसरत नाही. गिऱ्हाइकाला दारूच वाटली पाहिजे. जायसवालला फसवायचं असतं, तर त्याच्याकडे छतापर्यंत बियर होती. तीच भरली असती. फेस आला असता, कडवट लागली असती. विठोबानं चोरली असती तरी त्यानं तेच केलं असतं. इथं तर फेस नाही, दारूचा थेंब नाही, वर मुंग्या लागल्या. मुंग्या बियरला नाही, गुळाला लागतात. ज्याला दारूत काडीचा रस नाही, अशाच माणसाचं हे काम."

शरदनं हातातल्या फुलपात्राकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच एक घोट घेतला.

"गेस्ट हाउसमध्ये मी जे चाखलं ते हेच," उदाजीराव म्हणाले. "तू तिथं एक थेंब जिभेला लावला असतास, तर माझ्याकडे यायची गरज नव्हती. आणि देवासात असं झाकण बसवायचं यंत्र दारूच्या दुकानात नाही. ते मंडळात आहे. बाटल्या रविवारी याच घरात होत्या."

जानकीबाईनं ते झाकण उचलून पाहिलं.

"शनिवारी गहू काढायला गेले," जानकीबाई म्हणाली. "कोठीमागं हाताला कागद लागला. तुझे बाबा पण तिथंच ठेवायचे."

"बाबा?"

"त्यांच्या मी फोडायची. फोडल्या की ते दुसऱ्या आणायचे. म्हणून या वेळी फोडल्या नाहीत. ओतून दिल्या आणि हे भरलं. मंडळात सांगितलं, काढा आहे. म्हटलं, पिईल, चढणार नाही, आणि कंटाळून सोडून देईल."

"मला विचारायचं होतंस, आई."

"तू सांगायचं होतंस."

शरदला राग आला होता, पण तो कुणावर काढावा हे कळेना. त्यानं मेमो काढून तिच्यापुढं ठेवला. तिनं तो दोनदा वाचला. हे तिला आत्ताच कळत होतं.

"बाबा काविळीनं गेले, असं तू सांगत आलीस," तो म्हणाला. "मी सात वर्षांचा होतो."

जानकीबाईनं मेमोची घडी घातली. उदाजीरावच हलक्या आवाजात म्हणाले, "कावीळ झाली होती, ते खरं आहे."

शरद उठला, येरझारा घातल्या, परत बसला. "मी हे लिहू शकत नाही. अख्खा कारखाना वाचेल. त्यापेक्षा जायसवालचं नाव टाकतो. त्याचं काय, उद्या दुसरं दुकान काढेल."

"त्याला मुलंबाळं नाहीत का?" आईनं विचारलं. मग ती उठली, फळीवरून पॅड आणि पेन आणून त्याच्यासमोर ठेवलं. "आणि उद्या मी पण येते तुझ्या साहेबांकडे. उरलेल्या बाटल्या असतील ना तिथं, त्यातली एक त्यांच्यासमोर पिऊन दाखवते. लिही."

शरदनं पेन उघडलं. 'माझ्या आईने गैरसमजातून' इतकं लिहून झालं, तेव्हा तिनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"तिथून नको. बाबांपासून सुरू कर. आणि त्यात कावीळ लिहू नकोस."

शरदनं तो कागद फाडून बाजूला ठेवला आणि नवीन घेतला.