बाराव्या डब्यातली निरोपवाली

कवळीवाल्याची कामाची खोली घराच्या मागच्या अंगाला होती. खिडकीखाली लांब बाक, बाकावर घासायचं मशीन, शेजारी गुलाबी पावडरचा डबा आणि भिंतीवर तीन फळ्या भरून प्लास्टरचे जबडे. शहरातल्या चार दंतवैद्यांच्या कवळ्या त्याच्याकडे बनायला यायच्या. माणसं त्याच्या लक्षात राहत नसत, त्यांची तोंडं तेवढी राहत. रस्त्यात कोणी हाक मारली तर त्याला ओळख पटायची नाही. समोरचा हसला की मात्र लगेच पटायची.

चाळीस वर्षांच्या कामाने त्याला दोन गोष्टी दिल्या होत्या. मशीनच्या घरघरीने कान अधू झाले होते. आणि काम करताना बारीक ब्रश ओठांत धरायची सवय लागली होती. दोन्ही हात कामात असले की ब्रश ओठांत. मग कोणी काही विचारलं तरी उत्तर एकच, "उम्म." कानाचं यंत्र मुलीने आणून दिलं होतं, पण ते घातलं की मशीनचा आवाज डोक्यात शिरायचा, म्हणून कामाला बसताना ते बाकाच्या खणात जायचं.

बायको पोस्टात पत्रं गावागावांच्या खणांत लावायला होती. निवृत्त झाल्यावर तिने पुढच्या खोलीत काचेचं कपाट घेतलं आणि त्यात फिगर मांडायला सुरुवात केली. दीड-दीड वीत उंचीची माणसं, सांध्यासांध्यांतून वळणारी, अंगावर खऱ्या कापडाचे कोट. शेजारीण एकदा म्हणाली, "या वयात बाहुल्या खेळता होय?" तेव्हा बायकोने तिला चहा न देता परत पाठवलं होतं. "बाहुल्या नाहीत त्या. फिगर आहेत. त्यांना गोष्ट आहे."

गोष्ट होती 'बर्फातलं ठाणं' या नावाची. प्रत्येक डब्यात एक माणूस आणि डब्याच्या पाठीवर गोष्टीचा एक भाग छापलेला. कप्तान, स्वयंपाकीण, एक डोळा गेलेला टेहळ्या असे एकेक करून आले. सातव्या डब्यात निरोपवाली आली. डोंगरापलीकडून काही सांगायला ती बर्फातून चालत आली होती, पण थंडीने तिचा जबडा गोठला होता. ठाण्यातली सगळी माणसं तिच्याभोवती आग करून बसली. आठव्या डब्यात लाकडं संपली, नवव्यात कप्तानाने स्वतःची खुर्ची जाळली, अकराव्यात आग विझली. आणि खाली एक ओळ होती: निरोपवाली बाराव्या डब्यात बोलेल.

बारावा डबा आलाच नाही. कंपनी बंद पडली.

बायकोने ते मनाला लावून घेतलं. दर रविवारी दुपारी ती एकेक डबा घेऊन कामाच्या खोलीत यायची, स्टुलावर बसून त्याची पाठ मोठ्याने वाचायची आणि मग कपाटातली माणसं त्या भागात जशी उभी असतील तशी उभी करायची. अकरा रविवार झाले की पुन्हा पहिल्यापासून. अशी नऊ वर्षं गेली.

"काय सांगणार असेल हो ती?"

"उम्म."

"उम्म काय? आयुष्यभर लोकांचे निरोप खणांत टाकले मी. एकही उघडून वाचला नाही. हा एक तरी कळायला नको का मला?"

त्याने ब्रश काढला. "सांगेल, चहा गार झाला म्हणून."

"तुम्ही तो ब्रश तोंडातच ठेवा बघू. तेवढा वेळ तरी मला बोलता येतं."

तिची वरची कवळी त्यानेच केली होती. तिचा उजवीकडचा सुळा लहानपणापासून जरासा वळलेला होता, म्हणून त्याने खोटा सुळाही तसाच वळवून बसवला. दंतवैद्याने ती हातात घेऊन विचारलं, "इथे चूक झालीय का?" तो म्हणाला, "चूक तिचीच आहे. मी फक्त उतरवून घेतली."

कवळी बसवायच्या दिवशी दंतवैद्य त्याला बोलावून घेत. ती नीट बसली की नाही, हे बघायची त्याची पद्धत साधी होती. एकसष्टपासून मोजायला सांगायचं. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. कवळी सैल असली की प्रत्येक आकड्यात शीळ वाजते. बायको अडुसष्टपर्यंत बिनशिळीची गेली आणि थांबली. "एकोणसत्तर घरी गेल्यावर," ती म्हणाली, आणि दंतवैद्यासकट सगळे हसले.

ती गेली ते रुग्णालयात, तिसऱ्या दिवशी. नळी घालायच्या आधी नर्सने कवळी काढून एका छोट्या डबीत घालून त्याच्या हातात दिली. त्याने ती शर्टाच्या खिशात ठेवली. पुढचं सगळं दुसऱ्याच कुणाचं चालल्यासारखं झालं. कागद आले, त्याने सह्या केल्या. नातेवाईक आले, त्याने माना डोलावल्या. तिला शेवटचं पाहून घ्या असं कोणी म्हणालं, तो पुढे झाला आणि त्याने पाहिलं. ओठ आत गेलेले, गाल बसलेले. कुठल्यातरी अनोळखी म्हातारीचं तोंड. हिचं काहीतरी राहिलंय, एवढं त्याच्या मनात आलं, आणि काय ते सुचलं नाही. घरी येऊन शर्ट काढताना डबी खिशात खडखडली.

गावभर दात वाटणारा माणूस, आणि स्वतःच्या बायकोला त्याने बोडक्या तोंडाने पाठवलं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. मुलीलाही नाही. त्याला रडू आलं नाही. कवळी त्याने काचेच्या पेल्यात ठेवली, रोज सकाळी तिचं पाणी बदललं आणि कामाला बसला. जेवण उभ्या उभ्या उरकू लागला. कानाचं यंत्र खणातच राहिलं. ऐकायचं काही उरलं नव्हतं.

दीड महिन्याने जुन्या खेळण्यांचा दुकानदार दारात उभा राहिला. काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"बाईंनी सात वर्षं माझं डोकं खाल्लं," तो म्हणाला. "कंपनी बुडायच्या आधी नमुन्याचे चार-पाच डबे निघाले होते. त्यातला एक सापडला. आणि आता बघा." त्याने कागदातली वस्तू कवळीवाल्याच्या हातात दिली. मग दार ओलांडता ओलांडता तो वळला आणि मोठ्याने म्हणाला, "एक करा. उघडू नका. उघडला की संपला. जमवणाऱ्यांत बंद डब्याचाच मान."

तो बारावा डबा होता. मागे तीनच ओळी होत्या. 'सकाळी आग पुन्हा पेटली. सगळे कान देऊन बसले. निरोपवालीने तोंड उघडलं.' त्याखाली कोरी जागा. नमुनाच तो, पुढचं छापायचं राहून गेलं असणार.

कवळीवाल्याने डबा उलटा करून पुढच्या प्लास्टिकच्या खिडकीतून पाहिलं. तीच निरोपवाली, तोच राखाडी कोट. फक्त जबड्याला आता सांधा होता आणि तोंड उघडं होतं.

वरच्या जबड्यात दात नव्हते.

तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने बाकावरची सुरी घेतली आणि डबा कापला.

कपाळावरचं भिंग डोळ्यांवर ओढून त्याने आत पाहिलं. जीभ घडवलेलीच नव्हती. खालचे दात रंगवून टाकलेले. वर मात्र नुसती हिरडी, आणि तीही कोणीतरी जीव ओतून केलेली. डाव्या बाजूला हाडाचा एक छोटा उंचवटा होता. उजवीकडे, दाढ काढताना चिरली जाते तशी एक आडवी घडी होती. टाळूच्या मधोमध तीन वळ्या, तिसरी अर्ध्यात तुटलेली.

त्याने फळीवरून फडक्यात गुंडाळलेला एक जबडा काढला. बायकोचा. दोन्ही शेजारी ठेवले. उंचवटा, घडी, तुटलेली वळी.

तो विचारी माणूस होता. तोंडं तोंडांसारखीच असतात, त्याने स्वतःला सांगितलं. घडवणाऱ्याने कुठल्यातरी दंतवैद्याकडून एखादा जुना साचा उचलला असेल. त्याच्याकडचेही किती साचे इकडेतिकडे गेले होते. हे पटण्यासारखं होतं. त्याने ते पटवून घेतलं, आणि गुलाबी पावडरचा डबा उघडला.

कवळी करंगळीच्या नखाएवढी झाली. सहा दिवस लागले. उजवा सुळा त्याने सुईच्या टोकाने जरासा वळवला. तोंडात बसवली तेव्हा 'टक्' झालं असावं. त्याला ऐकू आलं नाही, बोटाला कळलं. निरोपवालीला त्याने कपाटात, आगीजवळ, बाकीच्या माणसांच्या मधे उभं केलं. त्या दिवशी तो बसून जेवला.

महिनाभराने धूळ पुसताना कवळी फिगरच्या कोटावर पडलेली दिसली.

त्याने ती परत बसवली. सैल होती. प्लास्टिक आकसलं असेल म्हणून त्याने कवळी मोजली. कवळी तेवढीच होती. मग त्याने हिरडी मोजली, भिंगाखाली, दोनदा. पुढून जास्त उतरली होती, मागून कमी. डावीकडचा उंचवटा अर्ध्यावर आला होता.

हे त्याने हजार वेळा पाहिलं होतं. दात गेले की हिरडी अशीच उतरते, आधी पुढून, मग मागून. म्हणूनच लोक वर्षा-दोन वर्षांनी कवळी घेऊन परत येतात. पण प्लास्टरचा जबडा चाळीस वर्षं फळीवर ठेवा, तो केसभरही उतरत नाही. उतरायला जिवंत तोंड लागतं.

त्याने कवळीला आतून पातळ थर चढवला. ती बसली. पुढच्या महिन्यात पुन्हा सैल झाली.

मुलगी आली ती एका शनिवारी, रिकामी खोकी आणि चिकटपट्टी घेऊन. दुकानदाराकडे कुणीतरी पूर्ण संच मागायला आलं होतं. पुढच्या आठवड्यात ती बाबांना स्वतःकडे नेणार होती, आणि तिच्या घरात काचेच्या कपाटाला जागा नव्हती.

"बाबा, बारावा डबा तुम्ही कापलात?" तिने दारात येऊन मोठ्याने विचारलं. "दुकानदारकाका कपाळ बडवून घेतील."

"घेऊ दे."

"आणि ती फिगर?"

"तिचं थोडं काम राहिलंय. मग ने."

ती स्वयंपाकघरात डोकावून आली. "जेवलात का?"

"जेवलो."

"खोटं. ताट कोरडं आहे." ती पुढच्या खोलीत गेली. दार तिने अर्धं उघडं ठेवलं.

कवळीवाल्याने पंख्याची दिशा बदलली, मशीन बंद केलं. आज घासायचं काही नव्हतं. नुसती पेस्ट कालवायची, कवळीत भरायची, तोंडात बसवायची आणि घट्ट व्हायची वाट बघायची. चार मिनिटं. शेवटचं एकदा नीट बसवून द्यायचं, मग तिला कुठेही नेऊ देत. एवढं एक काम तरी अर्धवट राहायला नको.

त्याने पेस्ट कालवली. ब्रशने कडा ओल्या केल्या आणि ब्रश ओठांत धरला. एका हाताने निरोपवालीचं डोकं, दुसऱ्याने कवळी. वर दाबली, बसली. मग दोन्ही हातांनी तिला तशीच उभी धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला. कानात नेहमीची शांतता होती, कापूस भरल्यासारखी. बोटांना काहीतरी बारीक थरथर लागत होती. पंख्याची असेल.

चार मिनिटं झाली. त्याने कवळी काढली, भिंग ओढलं.

आतून ठसा स्वच्छ होता. आता सैल होणार नव्हती. जास्तीची पेस्ट मागच्या कडेवरून टाळूच्या बाजूला उतरली होती, नेहमीच उतरते. त्याने ती खरवडायला सुरी घेतली आणि थांबला.

पेस्ट ओली असताना पेशंट बोलला, तर त्या जागी जिभेचा माग उठतो. नवे पेशंट ऐकत नाहीत, बोलतात, मग सगळं पुन्हा करावं लागतं. तो माग त्याला झोपेतही ओळखू आला असता.

इथे तोच माग होता, एकावर एक, दाट, कडेपर्यंत. एखाददुसऱ्या शब्दाचा नव्हता.

त्याने निरोपवालीचं तोंड खिडकीकडे धरलं आणि आत पाहिलं. जीभ नव्हती.

पुढच्या खोलीत चिकटपट्टी ओढायची थांबली असावी. मुलगी दारात आली. तिच्या हातात कप्तान होता, कागदात अर्धा गुंडाळलेला. ती त्याच्या खांद्यापाशी येऊन, ऐकू जाईल अशा बेताने बोलली.

"बाबा, बरं वाटलं मला. इतक्या महिन्यांनी तुम्ही आईशी बोललात."

त्याने वर पाहिलं.

"सगळं नाही ऐकलं मी. आवाज केवढा बारीक काढला होतात. आधी ते तुमचं मोजणं, एकसष्ट, बासष्ट, अडुसष्टपर्यंत. मग कितीतरी वेळ काहीतरी सांगत होतात, चिकटपट्टीच्या आवाजात मला कळलं नाही." ती जराशी हसली, मग हसू विरलं. "शेवटचं तेवढं कळलं. 'खिशातच होती ना? माहीत होतं मला.' काय होतं खिशात, बाबा?"

तो उत्तर द्यायला गेला आणि त्याला तोंड उघडता येईना. ब्रश अजून त्याच्या ओठांत होता.