डाव्या हाताचा आशीर्वाद

सावलीची साक्ष कोर्टात ग्राह्य धरली जाऊ लागली, त्याला त्या वर्षी नऊ वर्षं झाली होती. त्या नऊ वर्षांत लोकांनी बरंच काही सोडून दिलं. लग्नातले फोटोवाले उन्हात फोटो काढीनासे झाले. जुने अल्बम माळ्यावरून खाली आले आणि गुपचूप बंबात गेले. मुलगी बघायला येणारी मंडळी पत्रिकेबरोबर घरच्यांचा एखादा उन्हातला फोटो मागू लागली, आणि मुलीकडचे लोक आमचे सगळे फोटो ढगाळ हवेतलेच आहेत असं शपथेवर सांगू लागले.

त्याआधीचा काळ आणखी वाईट होता. संगणक इतकी हुबेहूब चित्रं बनवू लागला होता की खऱ्या फोटोवरही कुणी विश्वास ठेवेना. तेव्हा फोटोला वाचवलं ते सावलीने. सावलीचा मधला गडद भाग म्हणजे प्रच्छाया आणि कडेची धूसर पट्टी म्हणजे उपच्छाया, हे आपण सगळ्यांनी ग्रहणाच्या धड्यात घोकलेलं असतं आणि परीक्षा झाल्यावर विसरलेलं असतं. शास्त्रज्ञ मात्र त्या धूसर पट्टीच्या मागे लागले, कारण तिची नक्कल संगणकाला जमत नव्हती.

बार्शीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या डॉ. नाझनीन मुजावर यांनी तारळेकर सरांना हे समजावून सांगितलं तेव्हा दोघं प्रयोगशाळेत चहा पीत बसले होते. वसंत तारळेकर निवृत्त चित्रकला शिक्षक. हौशी छायाचित्रकार मंडळाच्या वार्षिक स्पर्धेचे ते परीक्षक होते, आणि त्या वर्षीचा विषयच होता 'सावली'.

"सर, भिंतीवरचा प्रत्येक ठिपका खोलीकडे बघत असतो," मॅडम म्हणाल्या. "जिथून जिथून उजेड येईल, तिथला थोडा थोडा घेतो. एरवी सगळं एकमेकांत मिसळतं, म्हणून भिंत नुसती पांढरी दिसते. पण मध्ये एखादी वस्तू आली की तिच्या सावलीच्या कडेला गंमत होते. तिथला एक ठिपका अर्धी खिडकी बघतो, शेजारचा पाऊण, त्याच्या शेजारचा पूर्ण. दोन ठिपक्यांतला फरक काढला की मधल्या फटीत काय होतं ते कळतं. असे हजारो फरक मांडले की चौकटीच्या बाहेर काय चाललं होतं त्याचं चित्र मिळतं."

"म्हणजे भिंत सगळं बघते."

"बघते. पण चष्मा हरवलेल्या म्हातारीसारखी. आकार दिसतात. आकारांच्या मनात काय होतं ते दिसत नाही."

शेवटचं वाक्य तारळेकरांनी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. माणसाला जे ऐकायचं नसतं ते त्याच्या कानाशीच थांबतं.

स्पर्धेला दोनशे बारा फोटो आले होते. प्रत्येकाचं असं सावलीवाचन होणार होतं, आणि ते का, तर तारळेकरांनीच हट्ट धरला होता म्हणून. नियमावलीही त्यांचीच. तिच्यातला सातवा नियम असा होता: छायाचित्र मिळवण्यासाठी कोणत्याही माणसाला त्रास दिलेला नसावा. असला नियम दुसऱ्या कुठल्या स्पर्धेत नव्हता. मंडळाचे अध्यक्ष रमणलाल सुराणा तर भाषणात सांगत, आमचे सर म्हणजे देवमाणूस, त्यांना फोटोतल्या चिमणीचीसुद्धा काळजी.

दोनशे बारा फोटोंत एक फोटो तारळेकरांना पहिल्या नजरेतच आवडला. साकतवाडीच्या अंगणवाडी सेविका कुंदा घोलप यांनी तो मोबाइलवर काढला होता. शेणाने सारवलेली भिंत आणि तिच्यावर एका म्हातारीची सावली. मान झुकलेली, न्हालेले केस मोकळे सोडलेले, आणि केसांच्या टोकाशी जमिनीकडे निघालेला पाण्याचा एक थेंब. तारळेकरांनी मनात पहिला नंबर देऊनही टाकला. मग मॅडमनी वाचन पडद्यावर आणलं.

चौकटीच्या डावीकडे खाली वाकून बसलेली व्यक्ती होती. तिच्या मागे एक उभा माणूस. त्याचे दोन्ही हात डोक्याच्या वर, आणि हातांत लांब दांडा. म्हातारीच्या अगदी वर.

मॅडम म्हणाल्या की आकार पक्का आहे, शंभरात एक्क्याण्णव. पण दांडा कशासाठी उचललाय ते मी सांगू शकत नाही, त्या बाईंना एकदा विचारून घ्या. तारळेकरांनी कुणालाही न विचारता लाल पेनाने लिहिलं: बाद, नियम सात. आणि मंडळाच्या रिवाजाप्रमाणे बाद फोटोंची यादी कारणांसकट आणि वाचनातल्या चित्रांसकट मंडळाच्या मोबाइल गटावर जाहीर झाली.

चार दिवसांनी भर दुपारी कुंदा घोलप तारळेकरांच्या दारात उभी राहिली. एस.टी.तून उतरून उन्हात चालत आली होती, पण खुर्चीवर बसली नाही.

"सर, ती आकडी हाय," ती म्हणाली. "शेवग्याच्या शेंगा काढायची. आमचे मालक शेंगा पाडत हुते, सासूबाई खाली केस वाळवीत बसल्या हुत्या. आकडी ठावं न्हाई व्हय तुम्हाला?"

तारळेकरांना आकडी ठाऊक होती. लहानपणी त्यांनी स्वतः आकडीने शेंगा पाडल्या होत्या. पण पडद्यावर दांडा दिसला त्या क्षणी त्यांना शेवगा सुचला नव्हता, दुसरंच काही सुचलं होतं, आणि आता माघार घेणं जिवावर आलं. मग ते तोंडातून निघालं.

"कुंदाताई, माणूस खोटं बोलतं. सावली बोलत नाही."

तिने सांगितलं की अंगणवाडीतल्या चार आयांनी पोरं पाठवायची बंद केली आहेत. पर्यवेक्षिका बाई चौकशीला येऊन गेल्या. जी बाई सासूला मारू देते आणि वर फोटो काढते तिच्या हाती पोरं कशी द्यायची, असं लोक तोंडावर म्हणतात. सासूबाईंनी स्वतः सगळ्यांना सांगितलं, तर म्हणे म्हातारी भीतीपोटी बोलते. तारळेकर म्हणाले, मंडळापुढे ठेवतो. ठेवलं मात्र नाही.

एवढा सज्जन माणूस असा का वागला? त्यासाठी पंचवीस वर्षं मागे जायला हवं.

तारळेकरांचं नाव झालं ते एकाच फोटोने. 'आशीर्वाद'. पांढऱ्या भिंतीवर एका हाताची सावली, बोटं किंचित फाकलेली, वर उचललेली. त्यांच्या वडिलांचा, आप्पांचा हात. त्या फोटोला राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, तो पाठ्यपुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापला गेला, आणि मंडळाच्या चषकालाही आशीर्वाद चषक हेच नाव पडलं. आप्पा जाण्याआधी मला आशीर्वाद देत होते, असं तारळेकर मुलाखतीत सांगत.

आप्पा आशीर्वाद देत नव्हते. आप्पा पाणी मागत होते. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. मार्चातल्या एका दुपारी तारळेकर भांडंभर पाणी घेऊन खोलीत आले, आप्पांनी डावा हात पुढे केला, आणि खिडकीतल्या उजेडाने तो हात समोरच्या भिंतीवर उमटला. तशी सावली तारळेकरांनी आयुष्यात पाहिली नव्हती. आप्पा, थांबा जरा, असं म्हणून त्यांनी कॅमेरा तिकाटण्यावर लावला. तेवढ्यात हात खाली पडला. मग त्यांनी भांडं जवळ नेलं. हात उठला. भांडं मागे घेतलं. हात आणखी उठला. आप्पांच्या घशातून आवाज येत होता, तो फोटोत येणार नव्हता. हे अर्धा तास चाललं. एकेचाळिसावा फोटो मनासारखा आला, आणि आधीचे चाळीस त्यांनी त्याच संध्याकाळी पुसून टाकले. सातवा नियम कुठून आला ते आता सांगायला नको. आणि आपण जे केलं तेच दुसऱ्याच्या दांड्यात कसं दिसतं, हेही.

बक्षीस समारंभ रविवारी दुपारी होता. सभागृह भरलं होतं. तारळेकर व्यासपीठावर जाऊन बसले तेव्हा सुराणांनी आनंदाची बातमी असल्याच्या थाटात जाहीर केलं की आज सरांच्या गौरवासाठी मुजावर मॅडम सर्वांसमक्ष 'आशीर्वाद'चं सावलीवाचन करणार आहेत. तारळेकर घाईघाईने म्हणाले की मूळ फोटो आता सापडत नाही. मॅडमनी हसून सांगितलं की पारितोषिकवाल्यांच्या संग्रहातून त्यांनी मूळ प्रत मागवली आहे. सरांना चकित करायचं म्हणून बोलल्या नव्हत्या.

पडद्यावर हळूहळू धुरकट आकार जमू लागले. आधी खाट. मग खाटेवरचा माणूस. तारळेकरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. त्यांच्या मनात एकच होतं, आता हे संपेल. पंचवीस वर्षं छातीवर धरलेला धोंडा दुसरं कुणीतरी उचलून सगळ्यांना दाखवेल. त्यांना इतकी लाज वाटत होती की त्या लाजेच्या तळाशी थोडी सुटकाही वाटू लागली.

"हा डावा हात आहे," मॅडम माइकवर म्हणाल्या आणि सभागृहात कुजबुज झाली, कारण डाव्या हाताने कुणी आशीर्वाद देत नाही. "आणि हे बघा, चौकटीच्या बाहेर दुसरा हात आहे. उभ्या माणसाचा. त्यात भांडं आहे. म्हणजे सर आपल्या आजारी वडिलांना पाणी देत होते. इतकी वर्षं सरांनी ते कुणाला सांगितलं नाही. स्वतःची सेवा झाकून ठेवली आणि वडिलांचा आशीर्वाद तेवढा जगाला दाखवला."

टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. एक वयस्क गृहस्थ उठून उभे राहिले, त्यांच्यामागे सगळेच उभे राहिले. सावलीने एका क्षणातलं दाखवलं होतं. एका क्षणात पाणी देणारा हात आणि पाणी काढून घेणारा हात सारखेच दिसतात.

तारळेकर उठले आणि माइकपाशी गेले.

"मी पाणी देत नव्हतो," ते म्हणाले. "मी भांडं मागे घेत होतो. फोटोसाठी. अर्धा तास."

मग सुराणांनी माइक हळूच त्यांच्या हातातून घेतला आणि लोकांना सांगितलं की मोठी माणसं अशीच असतात, चांगलं म्हटलेलं त्यांना सोसत नाही. पुन्हा टाळ्या. तारळेकर मॅडमकडे वळले. म्हणाले, तुम्हीच म्हणाला होतात ना, आकारांच्या मनातलं दिसत नाही म्हणून. मग सांगा यांना.

मॅडम थोड्या गोंधळल्या. त्यांनी त्यांना बाजूला नेऊन खुर्चीवर बसवलं. आवाज अगदी मायेचा होता. "सर, आणखी एखादा फोटो असता तर हात कुठून कुठे चाललाय ते मोजता आलं असतं. तो नाही. मग आहे त्यावरूनच ठरवायचं. आजारी माणूस, पाणी, मुलगा. यातून कुणीही दुसरं काय वाचेल? आई-वडील गेल्यावर सगळ्यांनाच अपराधी वाटतं. वयानुसार आठवणीही उलट्यासुलट्या होतात."

पुरावा होता. चाळीस फोटोंचा. तो त्यांनीच पुसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तारळेकर साकतवाडीला गेले. अंगणात हिराबाई, म्हणजे कुंदाची सासू, खाटेवर बसून शेंगा सोलत होती. कुंदा सूप पाखडत होती. त्यांना पाहून ती उठली, पण बसा म्हणाली नाही. तारळेकरांनी उभ्याउभ्याच सांगितलं. आपलं चुकलं, मंडळाला पत्र दिलं आहे, पण वाचनाविरुद्ध परीक्षकाच्या शब्दाने निकाल बदलत नाही असं अध्यक्ष म्हणतात. तरी मी घरोघर जाऊन सांगेन. मग आवाज खाली आला आणि आपण तुमच्याशी असं का वागलो, तेही त्यांनी सांगितलं. आप्पा, भांडं, अर्धा तास. खोटं वाटेल तुम्हाला, काल कुणालाच खरं वाटलं नाही, असंही ते म्हणाले.

"मला खरं वाटतंय," कुंदा म्हणाली. "ऐकल्या ऐकल्या खरं वाटलं."

त्यांना हेच हवं होतं. कुणीतरी विश्वास ठेवावा. पण ती ते किती सहज म्हणाली. ते खाटेच्या कडेला टेकले.

हिराबाईला ऐकू कमी येत होतं. कोण आलंय आणि काय म्हणतंय, ते तिने सुनेला विचारलं. कुंदाने तिच्या कानाशी जाऊन, मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून सांगितलं: हे फोटोचे सर हायेत. ह्यांनी बापाला तहानलेलं ठिवलं. फोटोसाठी. पाणी दावायचं आणि मागं घ्यायचं. शेजारच्या दोन दारांत बायका येऊन उभ्या राहिल्या. कुंपणापलीकडे कुणीतरी हातातलं काम थांबवलं. त्या गल्लीत कुणीही पुरावा मागितला नाही.

म्हातारीने शेंग सुपात टाकली आणि तारळेकरांकडे निरखून बघितलं. तिच्या बघण्यात राग नव्हता. तिला फक्त पुढचं जाणून घ्यायचं होतं.

"मग प्याला का त्यो शेवटी?"

तारळेकरांनी तोंड उघडलं. फोटो मनासारखा आला होता ते आठवत होतं. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर तो मोठा करून पाहिला होता, ते आठवत होतं. भांडं खिडकीत ठेवून, उन्हात नीट दिसेना म्हणून, ते दुसऱ्या खोलीत गेले होते. तिथे बराच वेळ फोटो बघत बसले होते. त्यानंतर काय झालं, ते कुठल्या भिंतीवर उमटलेलं नव्हतं, आणि पंचवीस वर्षांत त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

म्हातारी उत्तराची वाट बघत राहिली. तिला वाटलं, पाव्हण्यालाही कमी ऐकू येतं. म्हणून तिने तेच पुन्हा एकदा मोठ्याने विचारलं.