नाई म्हणजे हाव

बसमध्ये चढल्याबरोबर मयुराला दिसलं, खिडकीजवळच्या तिच्या जागेवर कुणीतरी बसलं होतं.

थंडीचे दिवस. हिंगण्याच्या कारखान्यांच्या बसेस सकाळी मेडिकल चौकात एकामागे एक येऊन उभ्या राहत. सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांच्या काचा धुक्यानं आंधळ्या.

"ही माझी जागा आहे," ती म्हणाली.

"हाव," त्यानं नागपुरी होकार दिला.

"मग उठा."

"हाव."

म्हणाला, पण उठला नाही. थोडा सरकला तेवढा. मयुरा धपकन शेजारी बसली आणि हिंगणा येईपर्यंत त्याला सुनावत राहिली... बायकांची जागा म्हणजे काय, रोजची जागा म्हणजे काय, माणसाला रीत कशी असावी. तो खिडकीला टेकून मन लावून ऐकत होता. मधून मधून "हाव" म्हणत होता. बस एका फाटकात शिरली, तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "तुमची कंपनी कोणती?"

तिनं नाव सांगितलं.

"ती मागची बस. ही आमची."

मयुराचे कान तापले. "मग आधी काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही इतक्या रंगात आल्या होत्या... मधात कसं बोलू?"

त्याचं नाव दुर्गेश. घर उमरेडचं, नागपुरात खोली करून राहायचा, कारखान्यातल्या बिघडलेल्या मशिनी दुरुस्त करायचा. त्या सकाळी तो तिला तिच्या फाटकापर्यंत पायी सोडायला आला, आणि दुसऱ्या दिवशी चौकात उभा राहून म्हणाला, "आज कोणत्या बसमधी जाता? मी जागा सोडून ठेवतो." तिला हसू आलं. हसू आवरलं असतं तर पुढचं काही झालं नसतं, पण मयुराला राग आवरत नसे, हसू तरी कुठून आवरणार.

प्रेमात पडल्यावर तिची एकच तक्रार राहिली. हा माणूस बोलत नाही. फुटाळा तलावाच्या काठावर वर्षभर भुट्टे खाल्ले, सगळं ती बोलली. शेवटी लग्नाचंही तिनंच विचारलं.

"करशील माझ्याशी?"

"हाव."

"आणखी काही म्हणशील?"

"हाव म्हटलं ना वं..."

आणि असं बघितलं तिच्याकडे, की तिला पुढचा प्रश्न सुचला नाही.

दोन्ही घरं राजी झाली. मयुराचे वडील मधुकरराव, इतवारीत त्यांचं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान. दुर्गेशला वडील नव्हते, आई प्रयागबाई होती. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, दिवाळी झाल्यावर करायचं ठरलं.

दिवाळीआधीच दुर्गेशला ताप आला. साधा ताप, सगळे म्हणाले. मग एक दिवस त्यानं जेवणाचा डबा अवजारांच्या कपाटात ठेवला आणि पाना पिशवीत घालून खोलीवर आणला. दुसऱ्या दिवशी साहेबांना "आई" म्हणाला, आणि तिथंच त्याला फिट आली. धंतोलीतल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूला सूज आहे. मयुरा आणि प्रयागबाई दवाखान्याच्या पायऱ्यांवर एका शालीत बसून राहत. एकमेकींशी बोलण्यासारखं काही नव्हतं, पण शाल एकच होती.

तो वाचला. उजवा हात जरा ढिला पडला. फिटच्या गोळ्या सुरू झाल्या. शब्द मात्र विस्कटले. डॉक्टर म्हणाले, "पूर येऊन गेल्यावर घर उभं असतं, पण वस्तू जागेवर नसतात. तसं समजा. काही सापडतील, काही नाही सापडणार. त्याच्याशी बोलत राहा."

बोलत राहणं... एवढं एक तर मयुराला येत होतं.

प्रयागबाई त्याला उमरेडच्या घरी घेऊन गेल्या. मग दर रविवारी मयुरा एसटीनं तिकडे जाऊ लागली. स्पीच थेरपीच्या मॅडमनी सांगितलं होतं की रोजच्या वस्तू दाखवा, नाव विचारा, चुकला तर रागावू नका. मयुरा वस्तू दाखवी, नाव विचारी, आणि रागवे.

"हे काय आहे?" तिनं वांगं पुढे धरलं.

दुर्गेशनं वांग्याकडे निरखून पाहिलं. "मधुकरराव."

"ते माझे बाबा आहेत."

"हाव," तो म्हणाला आणि पुन्हा वांग्याकडे बोट दाखवलं. "मधुकरराव."

स्वयंपाकघरात प्रयागबाईंनी पदर तोंडात कोंबला.

"बरं. मी कोण?"

इथं त्याचा चेहरा उजळे. म पर्यंत तो बरोबर पोचे. "म... मंगळवार."

"मी मंगळवार?"

"मोटर." त्यानं मान हलवली, हेही नव्हे. "मिक्सर."

"मिक्सरच आहे मी. इतकी डोकं फिरवून राहिली, तर दुसरं काय म्हणशील."

एकदा चमचा म्हणता येईना म्हणून त्यानं चमचा भिंतीवर फेकला. मयुरा उठून मागच्या गोठ्यात गेली, गाईच्या पाठीला कपाळ टेकून रडली, चेहरा धुऊन आली आणि चमचा उचलून त्याच्यासमोर बसली. "चमचा. च-म-चा. फेकायची वस्तू. म्हण."

तो कितीतरी दिवसांनी हसला त्या वेळी. शब्द नाही आला, पण हसू जुनंच होतं. मयुराला तेवढ्यावरून पुन्हा रडू यायला लागलं, म्हणून ती आणखी रागावली.

सगळ्यात मोठा घोळ हाव आणि नाईचा. दोन्ही उलटे झाले होते. "चहा घेतो?" म्हटलं की "नाई" म्हणे आणि हात पुढे करी. "झोप आली?" म्हटलं की "हाव" म्हणे आणि टक्क डोळे उघडे ठेवून बसे. ज्या माणसाकडे वर्षभर एकच शब्द होता, त्याचा तोही उलटा झाला. "एवढा एकच तर होता तुझ्याजवळ," मयुरा म्हणे, "तोही नीट नाही सांभाळला."

पण हातांना शब्द लागत नाहीत. चैत्र सरला, घरात कूलर लागला. एका रविवारी ती घामेजून आत आली, तर दुर्गेश उठला, डाव्या हातानं आख्खा कूलर ढकलत ढकलत तिच्या बाजूला वळवला, पंख्यापुढची पट्टी वर केली आणि मागे जाऊन उन्हाच्या जागेवर बसला. वाळ्याचा ओला वास तिच्या अंगावर आला. ती काही बोलली नाही... पूर्ण दोन घोट पाणी पिईपर्यंत.

"काकू," मग म्हणाली, "याले सांगा, तिकडे उन्हात काहून बसला म्हणून."

इकडे नागपुरात मधुकररावांची झोप उडाली होती. एक दिवस दुकानातून आले आणि म्हणाले, "मी काही निर्दय माणूस नाही, मयुरा. पोरगा चांगला आहे. पण दवाखान्याआधीचा त्याचा शब्द मी आता कसा धरू? मी येतो उमरेडले. त्याले एकदा विचारतो. त्याच्या तोंडून ऐकलं की साक्षगंध, नाहीतर हे इथंच थांबलं. मग तू त्या बसमधी बसायचं नाही."

बसमध्ये ती वडिलांना समजावत गेली. "बाबा, तो नाई म्हणेल. त्याचा अर्थ हाव."

"आणि हाव म्हटलं तर?"

"तसं नाही म्हणणार तो."

"म्हणजे नकार ऐकून मी खुश व्हायचं," मधुकरराव म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. "चाळीस वर्षं धंदा केला, असा सौदा नाही पाह्यला."

दुर्गेश इस्त्रीचा शर्ट घालून बाजेवर बसला होता. प्रयागबाईंनी पाणी आणलं, खुशाली झाली. मधुकररावांनी घसा खाकरला. "बेटा, मयुराशी लग्न कराचं का तुले?"

दुर्गेशनं त्यांच्याकडे नाही, तिच्याकडे पाहिलं.

"मयुरा," तो म्हणाला.

आख्खं नाव. मंगळवार नाही, मोटर नाही. या एका नावासाठी तिनं उमरेडच्या रस्त्यावरचे सगळे खड्डे पाठ केले होते. ती ते नाव ऐकत राहिली, आणि त्याच्या मागून आलेला शब्द तिला जरा उशिरानं ऐकू आला.

"नाई."

"पाहा," ती हसून म्हणाली. "म्हटलं होतं ना, बाबा?"

"त्याचं नाई म्हणजे हाव असते, भाऊ," प्रयागबाईही घाईघाईनं म्हणाल्या.

पण मधुकरराव दुकानदार. एकदा तोललेलं ते पुन्हा तोलत. "बेटा, पाणी पाह्यजे का?"

"हाव." दुर्गेशनं पेला घेतला आणि प्यायला.

"तुझं नाव मधुकर आहे का?"

त्याच्या ओठाचा कोपरा हलला. "नाई."

"उमरेडले समुद्र आहे का?"

"नाई."

एकेक उत्तर बरोबर येत होतं. एरवी प्रत्येक उत्तराला मयुरानं आनंदानं घर डोक्यावर घेतलं असतं. आता मात्र तिचा चेहरा उतरत गेला.

"तुम्ही विचाराले येणार हे कळल्यापासून हप्ताभर गोठ्यात गाईजवळ बसून राह्यचा," प्रयागबाई हळू आवाजात म्हणाल्या. "हाव, नाई, हाव, नाई... मले वाटलं, गाईशी बोलून राहिला."

मयुरा उठली आणि मागच्या अंगणात निघून गेली. जरा वेळानं तोही आला, भिंतीला हात धरत.

"काहून?" तिनं विचारलं.

हा प्रश्न ती त्याला कधी विचारत नसे. काहूनला एका शब्दाचं उत्तर नसतं. तो उभा राहिला, कपाळावर शिरा उठल्या.

"फिट," तो म्हणाला. "रात्री. तू... एकटी."

"मग?"

"गाडी नाई. नोकरी..." हातानं उडून गेली असं दाखवलं. "तुह्यं... आयुर्वेद..." मान झटकली. "आयु..."

"आयुष्य," ती सवयीनं म्हणाली.

"हाव. आयुष्य. तुह्यं." आणि डावा हात असा पसरला, जसं काही सगळं मातीत गेलं.

तिला नाकारायचा शब्दही तिनंच पुरवला होता. मयुराच्या डोक्यात आग शिरली.

"झालं तुझं? माह्या आयुष्याचं तू गाईले विचारून ठरवलं? मी काय इथं वांगी दाखवाले येत होती? जगात तुले एक शब्द नीट शिकाचा होता, आणि तू नाई शिकला? ठीक आहे. जाते मी. येत नाही पुढच्या रविवारी."

"जा."

"जातेच."

ती गेली नाही. पदराशी चाळा करावा तर अंगात कुर्ता होता. तो तिच्याकडे पाहत राहिला, आणि त्याचा आवाज एकदम चढला.

"जा ना वं. जा म्हटलं की उभी राह्यते. डोळा उघडला की तू, गोळी घेतली की तू, बस वाजली की तू. बाकीचे शब्द ठेवू कुठं मी? डोक्यात जागा कुठं ठेवली तू?"

गाईनं मान वळवून पाहिलं. दुर्गेशनं बोटं आपल्याच ओठांना लावली. "हे... मी?"

"तूच," मयुरा म्हणाली. "परत म्हण."

त्यानं तोंड उघडलं. खूप प्रयत्न केला. "जा..."

"तेवढंच नको म्हणू."

दोघं हसले, आणि हसता हसता दोघांनी डोळे पुसले. मग तिनं हाताची घडी घातली.

"बाबांनी तुले विचारलं. मले कोणी विचारलं आजवर? फुटाळ्यावर पण मीच विचारलं होतं. फिट येईल, गाडी चालवणार नाही, मिक्सर म्हणशील... हे सगळं माहीत आहे मले. आता तू विचार."

अंगणातलं ऊन कौलांवरून खाली उतरत होतं.

"मयुरा," तो म्हणाला. "माह्याशी... ल..."

शब्द अडला. तो शब्द तिच्या जिभेवर तयार होता. एवढे महिने तो अडला की ती शब्द त्याच्या तोंडात घालत आली होती, घास घालावा तसा. आज तिनं जीभ दाताखाली धरली. तो लवंग म्हणाला. लसूण म्हणाला. मान झटकून पुन्हा सुरुवातीला गेला. घाम आला त्याला. ती थांबली. आयुष्यात पहिल्यांदा मयुरा इतका वेळ काही न बोलता उभी राहिली.

"लग्न," तो म्हणाला. श्वास घेतला. "करशील?"

तिला दिसत नव्हतं नीट. म्हणून ती जवळ गेली, आणि जवळ गेल्यावर दिसलं की त्याच्या शर्टाचं एकेक बटन खालच्या काजात गेलं होतं. वरपासून शेवटपर्यंत, सगळी रांग.

"हे काय ध्यान," ती पुटपुटली आणि वरचं बटन सोडून तिनं पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतलं. तो हलला नाही, श्वाससुद्धा जपून घेत होता.

दाराआडून मधुकररावांचा आवाज आला. "काय म्हणते ती? हाव का नाई?"

मयुरानं पुढचं बटन काजात घातलं. दुर्गेशनं तिच्या वाकलेल्या मानेकडे पाहिलं, मग दाराकडे.

"थांबा जरा," तो सावकाश म्हणाला. "बटनं लावून राहिली."