खिडकीत राहिलेली बाटली

बाटलीतले पाणी पिवळे पडले होते.

अमृत हातातला पाना पुसत राहिला — पुसण्यासारखे काही उरले नव्हते, तरी. त्याने दुरुस्त केलेला फ्रिज मागे संथ घरघरत होता. रिकामाच.

"बठ्ठं गयं का, मॅडम?" अखेर त्याने विचारले.

"सगळं. चार महिन्यांचं काम."

तासाभरापूर्वी मी हसत होते. बर्फाच्या पेटीतून बाटली काढून उजेडात त्याला दाखवत होते — राईहून बारीक, पॉलिमरचे गोल कण. प्रत्येकाच्या पोटात औषध. अंग एकोणचाळीस अंशांवर गेले की ते आकसतात आणि औषध सोडतात. तोवर जपून ठेवतात.

"म्हणजे ताप चढल्याशिवाय तोंड उघडायचं नाही," तो म्हणाला होता. "तुमच्यासारखंच."

"मला कुठे ताप आलाय?"

"मग आज एवढं कसं काय बोलताय?"

मार्चमध्ये फ्रिज पहिल्यांदा बिघडला, तेव्हा तो धुळ्याहून आला. आजची ही तिसरी खेप. माझे गाव सावदा सोडून जळगावच्या या प्रयोगशाळेत मला तीन वर्षे झाली. सगळे निष्कर्ष विचारत. जेवलात का, असे विचारणारा हा पहिलाच. मी बोलत राहिले... आणि बाटली खिडकीतच राहिली. मे महिन्याच्या दुपारी, त्रेचाळीस अंशांत. कणांना शरीर काय आणि खोली काय... त्यांनी सारे पिवळे औषध पाण्यात सोडून दिले. आणि माझ्या त्या विसरण्याला प्रेमाखेरीज दुसरे कुठले नाव द्यावे, ते मला सुचत नव्हते.

माझे मार्गदर्शक सर दारात येऊन उभे राहिले. त्यांनी बाटली उचलून पाहिली.

"बाहेर कुणी ठेवली? रूपा, तुझी शिष्यवृत्ती यावर आहे. कुणी ठेवली?"

मी बर्फाच्या पेटीचे झाकण लावले.

"मी, साहेब," अमृत म्हणाला. "फ्रिज पुसताना बाजूला ठेवली. ध्यानात नाही राहिलं."

सरांनी माझ्याकडे पाहिले. मी बाटलीकडे.

"या माणसाला पुन्हा बोलवायचं नाही," एवढे म्हणून ते आपल्या खोलीत गेले.

अमृतने अवजारांची पिशवी भरली. मी जिन्यापर्यंत त्याच्या मागे गेले.

"खोटं का बोललात?"

"माझं काय, मॅडम... फ्रिज गावोगाव बिघडतात."

"पण मी तुमच्याशी बोलत होते, म्हणून विसरले. दुसरं कुणी असतं, तर विसरले नसते." माझा आवाज मलाच परका वाटला. "उद्या मी सरांना खरं सांगेन. मग — याल?"

सरांची खोली दहा पावलांवर होती. दार उघडे, आतून पंख्याचा आवाज येत होता. "उद्या?" अमृतने त्या दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे.

मी जागची हलले नाही.

त्याने पिशवी खांद्यावर टाकली आणि तो जिना उतरून गेला.