घास कोणी उचलला?

हातमोजा घातला की आजोबांचा उजवा हात झकास वरण-भात कालवायचा, घास करायचा आणि तोंडापर्यंत न्यायचा. मोजा काढला की तोच हात मांडीवर निपचित. दिवाळी गेली, संक्रांत आली, तरी तेच. मग घोडं अडलं कुठे? मला मुळात धीर कमी, त्यात हे कोडं. नुसतं डोकं उठलं होतं.

हा मोजा म्हणजे लुळा हात पुन्हा कामाला लागावा म्हणून बोटांवर चढवायचा, बोलणारा यंत्रमानव. नाव सवंगडी. सांगलीच्या प्रयोगशाळेत आजोबांनीच तो बनवला होता आणि आता त्यांच्यावरच तो घालायची वेळ आली. पक्षाघात (मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटल्याने अंग लुळं पडणं) झाल्यापासून ते खोलीत एकटेच जेवायचे. "मोजा घालून चारचौघांत जेवू? माझा घास मी उचलेन, तेव्हाच बाहेर येईन," म्हणायचे. टेबलापाशी त्यांची रिकामी खुर्ची बघून मला जेवण जायचं नाही.

शेवटी त्यांच्या खोलीत जाऊन मी सवंगडीलाच विचारलं, "घास नक्की कोण उचलतं?"

"मी," तो म्हणाला. "आजोबांनी मदत पूर्ण ठेवायला सांगितली आहे."

मी आजोबांकडे बघितलं. ते ओशाळले.

"रेवती, माझा हात धड आहे गं," ते म्हणाले. "हाताकडे निरोप पाठवणाऱ्या काही चेतापेशी (मेंदूतल्या निरोप्या पेशी) मेल्या. पण शेजारच्या पेशी ते काम शिकू शकतात. याला मेंदूची लवचिकता म्हणतात. मी बोट हलवायचा प्रयत्न केला, की स्नायूत अगदी क्षीण विद्युत संकेत उमटतो. सवंगडीने तो ओळखायचा आणि कमी पडेल तेवढाच जोर लावायचा. असं पुन्हा पुन्हा झालं की मेंदूत नवी वाट पक्की होते."

"आणि मदत पूर्ण असली तर?"

"मग मेंदूला कामच उरत नाही. तू पाठीला डबा बांधून पोहायला शिकलीस, तेव्हा पाय कोण मारत होतं?"

"मीच. पण हे सगळं ठाऊक असून तुम्ही..."

"दुसऱ्यांना शिकवणं सोपं होतं. स्वतःच्या अंगावर भात सांडला की लाज वाटते."

मला त्यांचा रागही आला आणि रडूही आलं. मी म्हटलं, "सांडू दे. पण बाहेर येऊन सांडा."

त्या दुपारी आजोबा टेबलापाशी बसले. सवंगडीची मदत अगदी थोडी ठेवली होती. बराच वेळ बोटं ताटात नुसती पडून राहिली. आजोबांच्या कपाळावर घाम आला. माझी खुर्चीत चुळबुळ चालली होती. आईचा हात चमच्याकडे गेला, माझा त्यांच्या ताटाकडे.

"थांबा," सवंगडी म्हणाला. "संकेत येतोय."

अंगठा हलला. मग शेजारचं बोट. सवंगडीने जरासा आधार दिला आणि घास डुगडुगत उठला. निम्मा सदऱ्यावर पडला, चार शितं मिशीत अडकली, उरलेला तोंडात गेला.

"यातलं बरंचसं काम त्यांचं होतं," सवंगडी म्हणाला. "उद्या मदत आणखी कमी करून बघू."

आई पदराने डोळे पुसत होती. आजोबांनी सावकाश घास चावला, गिळला आणि तिच्याकडे बघितलं.

"भात वाढ गं," ते म्हणाले. "निम्मा सदऱ्यानेच खाल्ला."