टेकडीवरची नऊ झाडं

“ए! तिथे नको... त्या झाडाखाली नको!”

रोवेना ओरडली आणि मग तिची तिलाच लाज वाटली. निलगिरीच्या रांगेत, भुरभुर पावसात, तिच्याकडे पाठ करून उभा असलेला तो उंच तरुण जागच्या जागी थिजला. सकाळचा चहा पोटात गेल्यावर माणूस झाडाआड कशाला जातो, हे काही सांगायला नको.

“का? काय झालं?” मान न वळवता त्याने विचारलं.

“वर कोणीतरी बसलंय.”

“मग त्यांना म्हणावं, डोळे मिटा.” घाईघाईने कपडे सावरून तो वळला. “आणि तू गं? तुझ्या हातात तर दुर्बीण आहे!”

“माझी दुर्बीण फक्त वर बघते,” रोवेना म्हणाली. कान मात्र तापले होते.

त्याने वर पाहिलं. बेचक्यात एक राखाडी गाठोडं होतं. पावसाने भिजलेलं, हनुवटी छातीत खुपसून झोपलेलं. कोआलाची मादी. तिचा एक कान कधीतरी फाटून जुळला होता.

“फर्गस,” तो म्हणाला. “टास्मानियाहून आलोय. झाडं तोडायचं यंत्र चालवतो, हार्वेस्टर.”

“रोवेना. मी इथलीच, खालच्या डार्टमूर गावची. कुठलं झाड तोडायचं नाही, ते मी सांगते.”

“ते कळलं,” फर्गस हसला. “आणखी कशाकशाला झाड वापरायचं नाही, तेही.”

रोवेनाने खोडाभोवती गुलाबी फीत बांधली. बोटं गारठली होती म्हणून गाठ बसेना. नक्की त्यामुळेच ना, असं तिने मनाशी विचारलंही... पण उत्तराची वाट पाहिली नाही.

तिचं काम तसं साधं. उजाडलं की यंत्राच्या पुढे चालायचं, प्रत्येक शेंड्यात नजर घालायची. कोआला दिसला की फीत. ते झाड आणि भोवतालची आठ, अशी नऊ झाडं उभी ठेवायची. कोआलाला हात लावायचा नाही, हुसकायचं नाही. तो आपल्या मर्जीने रात्री उतरतो, चालू लागतो. दुसऱ्या दिवशी तिने वॉकीटॉकीवर ‘झाड मोकळं’ म्हटलं की मगच करवत चालायची. काचेच्या केबिनमधून शेंडा दिसत नाही. तेव्हा सगळा भरवसा तिच्या शब्दावर.

या टेकड्या पूर्वी मेंढ्यांच्या कुरणांच्या होत्या. ती शाळेत असताना कागदासाठी इथे निलगिरी लावली गेली आणि नदीकाठच्या जंगलातले कोआला पाल्याच्या वासाने आपणहून आले. बोलावलं कोणी नव्हतं. पण ताट वाढलेलं दिसल्यावर उपाशी थोडाच कोणी राहतो? आता लाकडाचा भाव पडला होता, मालकांना कुरणं परत हवी होती. भरल्या पंगतीतून पान ओढून घ्यावं, तशी एकेक टेकडी बोडकी होत चालली होती.

वॉकीटॉकीची वाहिनी सगळ्यांची एकच होती, त्यामुळे तिथे गुपित असं काही उरत नसे.

“रोवेना, आज वर कोण कोण?” रोज सकाळी फर्गसचा आवाज यायचा.

“सातव्या रांगेत एक, ओढ्याकडे एक. आणि तुझी मैत्रीण आहे तिथेच.”

“माझी विचारपूस केली का तिने?”

“म्हणाली, तो उंच माणूस परत दिसला तर डोळे मिटून घेईन.”

मग लाकडाचा ट्रक चालवणारी शेरिल मधेच तोंड घालायची. “अरे ए पोरांनो, लग्न ठरलं की सांगा. केक मी आणीन. तोवर वाट द्या, माझी गाडी चिखलात रुतलीय!”

मुकादम नेव्ह तेवढा गप्प असायचा. साठी उलटलेला, कमी बोलणारा माणूस. रोवेनाला त्याने लहानपणापासून पाहिलं होतं.

हळूहळू टेकडी संपली. बाकीचे कोआला निघून गेले. माथ्यावर तेवढी नऊ झाडं उरली आणि त्यात ती फाटक्या कानाची मादी. टोळीने तिचं नाव ‘भाडेकरू’ ठेवलं होतं. भाडेकरू काही हलेना. ही झाडं पडली की यंत्रं मोठ्या गाड्यांवर चढणार आणि टोळी पश्चिम ऑस्ट्रेलियात, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला निघणार, हे ठरलेलं होतं.

फर्गसला काम उरलं नव्हतं. तो थर्मास घेऊन झाडांखाली येऊन बसायचा. समुद्राकडून वारा यायचा, सगळीकडे खुंट आणि करड्या फांद्यांचे ढीग. त्या उजाड रानात ती नऊ झाडं पाहिली की रोवेनाला दुखवट्याला जमलेल्या माणसांची आठवण व्हायची. तरी आजकाल सकाळी उठताना तिला बरं वाटायचं. हे बरं वाटणंच तिला टोचायचं.

“इथून उतरून हे कोआला जातात कुठे?” एकदा फर्गसने विचारलं.

“पुढच्या टेकडीवर.”

“आणि ती तोडली की?”

रोवेना कपात बघत राहिली. “तू चहात साखर फार घालतोस.”

“विषय बदलतेस.”

“हो.”

वाऱ्याने तिच्या टोपीतून सुटलेली बट त्याने नुसत्या बोटाने मागे सारली, आणि मग दोघंही घाईने वर, त्या भाडेकरूकडे पाहू लागले... जणू परवानगी तिचीच लागणार होती.

आणि एका सकाळी झाड रिकामं होतं.

रोवेनाने चारी बाजूंनी पाहिलं. आठही झाडं पुन्हा पुन्हा पाहिली. बेचक्यातून आभाळ दिसत होतं, बस. खोडावर नखांचे ताजे ओरखडे होते. ती उतरून गेली होती.

“रोवेना,” वॉकीटॉकी खरखरली. “आहे का?”

आता ‘झाड मोकळं’ म्हणायचं. दोनच शब्द. दुपारपर्यंत झाडं आडवी, संध्याकाळपर्यंत गाड्या रस्त्याला.

“आहे,” ती म्हणाली.

मग फर्गसचा आवाज, जरा हलका. “नीट दिसतेय ना?”

“दिसतेय. झोपलीय.”

“झोपू दे,” फर्गस म्हणाला. “कोणी उठवू नका तिला.”

त्या दिवशी तो आला तेव्हा गावातल्या बेकरीतले दोन गरम पॅटिस घेऊन आला. झाडाखाली दोघं खांद्याला खांदा लावून बसली. त्याने एकदाही दुर्बीण मागितली नाही. त्याने तिचे गारठलेले हात आपल्या हातांत घेतले, फुंकर घातली, आणि सोडले नाहीत. रोवेनाला वाटलं, एवढं सुख आपल्या वाट्याला कधी आलं नव्हतं. आणि वाटलं, हे चोरीचं आहे.

दुसऱ्या दिवशी पाऊस वाढला. तिने पुन्हा “आहे” म्हटलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

थोड्या वेळाने शेरिल बोलली. “नेव्ह, डांबरी रस्त्याच्या कडेला काहीतरी करडं हललं बघ. मी जरा दचकलेच. पण भाडेकरू तर वर झोपलीय म्हणाली ना पोरगी, म्हणून वेग काही कमी केला नाही. एखादं छोटं कांगारू असेल, वॉलबी.”

“रोवेना ‘आहे’ म्हणते, म्हणजे आहे,” नेव्ह म्हणाला. “चालव तू.”

तो भरवसा रोवेनाला चापटीसारखा लागला. तिच्या शब्दावर करवत थांबत होती, तशाच गाड्याही धावत होत्या. तिने वॉकीटॉकी तोंडाशी नेली.

“शेरिल, थांब. गाडी थांबव. सगळ्या गाड्या थांबवा.”

“काय झालं गं?”

“झाड रिकामं आहे. कालपासून. मी... मी खोटं बोलले.”

मग नेव्हचा आवाज, शांत. “का?”

तिला वाटलं, काहीतरी सांगावं. धुकं होतं, दुर्बिणीवर पाणी होतं. पण एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू द्यायची ताकद उरली नव्हती.

“झाड पडलं असतं तर फर्गस गेला असता,” ती म्हणाली. सगळ्या टोळीला ऐकू जाईल असं. “म्हणून.”

शेरिलच्या ट्रकचं इंजिन बंद झाल्याचा आवाज आला.

“नेव्ह,” फर्गसचा आवाज आला. “मलाही ठाऊक होतं. काल पहाटे यंत्राला वंगण घालताना मी तिला उतरताना पाहिलं. डांबरी रस्त्याकडेच गेली ती. मी गप्प बसलो. जेवढी ती दोषी तेवढाच मी.”

“तेवढा नाही,” नेव्ह म्हणाला. “बघणं हे तिचं काम होतं. आधी त्या जनावराला शोधा. दोघंही जा.”

चिखल तुडवत, ढिगांवरून घसरत दोघं रस्त्याशी पोचली.

“तू ‘आहे’ म्हणालीस ना,” फर्गस म्हणाला, “तेव्हा मला इतका आनंद झाला... आता त्याचीच लाज वाटतेय.”

“मलाही,” रोवेना म्हणाली. “पण आनंद झाला, हे खरं ना?”

“ते खरं.”

रस्त्याकडेला एक जुनं, कुणीही न लावलेलं मोठं झाड होतं. त्यात ती सापडली. जिवंत होती. रोवेनाला रडू फुटलं आणि ते आवरेपर्यंत फर्गस नुसता तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मग तिने दुर्बीण त्याच्या हातात दिली.

“तू विचारलं होतंस, कुठे जातात. बघ.”

झाडाला पान म्हणून जवळजवळ उरलं नव्हतं. फाटक्या कानाची ती एकटी नव्हती. वरच्या फांद्यांवर आणखी तिघंजण होते, एक पोटाशी पिल्लू धरलेली. सगळा पाला खाऊन संपला होता. झाडच मरायला टेकलं होतं, आणि पलीकडे नजर पोचेल तिथवर खुंट.

फर्गसने दुर्बीण खाली केली. “मला वाटायचं, नऊ झाडं सोडली की आपण आपलं केलं.”

“सगळ्यांनाच वाटतं. मीसुद्धा फीत बांधून घरी जाते. उचलून दुसरीकडे नेऊन सोडू का म्हणून वन्यजीव खात्याला विचारलं होतं. परवानगी नाही. आणि नेणार तरी कुठे?”

नेव्ह मागून येऊन उभा राहिला होता. त्याने वर पाहिलं, टोपी काढली, पाणी झटकलं.

“पोरी, उद्यापासून येऊ नकोस,” तो म्हणाला. “रागाने सांगत नाही. पण तुझ्या फितीवर माझी माणसं आता विश्वास ठेवणार नाहीत. आणि विश्वास नसला तर फीत म्हणजे नुसती चिंधी.”

“बरोबर आहे तुमचं, नेव्ह.”

“फर्गस, नऊ झाडं पाडून घे. संध्याकाळी निघायचंय.”

झाडं पडायला फार वेळ लागला नाही. शेवटचं पडलं तेव्हा टेकडी इतकी सपाट दिसली की रोवेनाला वाऱ्याने आपण उडून जाऊ असं वाटलं. मग तिने पाहिलं, यंत्रावरून उतरून फर्गस शेंड्याच्या कोवळ्या, पालेदार फांद्या तोडतोय. दोन्ही बगलांत भारे घेऊन तो रस्त्याकडे येत होता.

“हे काय?”

“बांधू या त्या झाडाला. गाडीत दोरी आहे, शिडी आहे.”

“फर्गस, दोन दिवसांत सुकेल हे.”

“माहीत आहे.”

“खातीलच असंही नाही.”

“तेही माहीत आहे. तू खालून धर.”

तिने धरलं. तो शिडीवर चढला. भिजल्या पाल्याचा उग्र वास दोघांच्या अंगाला लागला. एकेक भारा बांधून होईपर्यंत टेकडीवर गाड्यांची इंजिनं सुरू झाली होती.

“चल माझ्याबरोबर,” वरूनच, तिच्याकडे न पाहता तो म्हणाला.

“नाही. ओढ्यापलीकडची टेकडी पुढच्या महिन्यात तोडणार आहेत. कोणीतरी बघायला हवं.”

“तुला तर कामावरून काढलं!”

“फीत बांधण्यावरून काढलंय. ओरडण्यावरून नाही. त्या परवानगीवाल्यांच्या दारात जाऊन बसणार आहे मी. रोज.”

तो खाली उतरला. ओल्या हातांनी त्याने तिचा चेहरा धरला. तिने त्याच्या कोटाला घट्ट पकडलं, आणि टेकडीवरून भोंगा दोनदा वाजला तरी सोडलं नाही.

“मी जातो,” तो शेवटी म्हणाला. “तिकडचं काम संपलं की येईन. या सुकलेल्या फांद्या उतरवायला कोणीतरी लागेलच ना.”

“मी उतरवू शकते.”

“तू नको उतरवूस.”

“बरं,” रोवेना म्हणाली.

तो धावत चढ चढून गेला. गाड्या एकेक करून त्या झाडाजवळून गेल्या, अगदी सावकाश, शेरिलची सगळ्यांत सावकाश. अंधारून येत होतं. रोवेना झाडाखाली उभी होती. वर कसला तरी बारीक, कुरकुर आवाज झाला... कोणीतरी पान चावत होतं.