गजूची मानाची जोडी

ही गोष्ट खरी आहे. ज्या गावात घडली तिथं जाऊन विचाराल तर कोणी कबूल करणार नाही, हेही आधीच सांगते. पण मी तिथं होते. जे डोळ्यांना दिसलं नाही, ते मी या कानांनी ऐकलं.

दोन वर्षांमागची पोळ्याची अमावस्या. दिवेलागणीची वेळ. गाव माझं माहेर, रामाकोन्याजवळचं. नाव लिहीत नाही. माणसं अजून तिथं राहतात.

मी सौंसरला असते, पण पोळ्याला माहेरी जाते. आमच्या लहानपणी गावाबाहेरचं आखर, गुरं जमायचं मोकळं मैदान, बैलांनी भरून जायचं. घुंगरांचा आवाज मोहगावच्या रस्त्यापर्यंत यायचा. आता ट्रॅक्टर आले. जोड्या थोड्याच उरल्या. तरी आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, झडत्या, पोळ्याची गाणी, म्हणतात, आणि मानाची जोडी तोरणाखालून गेली की पोळा फुटतो.

मानाची जोडी. सगळं त्यातच आहे.

गजेंद्र माझ्या थोरल्या भावाचा, नत्थूजीदादाचा मोठा मुलगा. आम्ही त्याला गजू म्हणायचो. फौजेत होता. सुट्टीवर आला की आधी गोठ्यात, मग घरात. शेवटच्या सुट्टीत त्यानं दोन गोऱ्हे आणले. ढवळ्या आणि बांड्या. पोळ्याच्या दिवशी बाकीची पोरं शिंगं रंगवत होती, आणि हा आपल्या पेटीतून बुटाचं काळं पॉलिश काढून गोऱ्ह्यांचे खूर चमकवत बसला होता.

"अरे, हे काय रे गजू?" मी हसून विचारलं.

"आत्या, परेडले जाऊन राहिले ना हे. बूट नको चमकाले?"

गाव त्या दिवशी हसून हसून लोळलं. फौजी बैल, फौजी बैल म्हणत पोरं मागं धावली.

पुढचा पोळा यायच्या आत गजू तिरंग्यात आला.

नागपूरहून गाडी निघाली तेव्हापासून लोक रस्त्यावर उभे होते. सौंसरला गच्च्यांवरून बायका फुलं टाकत होत्या. आपल्या घरच्या पोरासाठी एवढी माणसं रडताना मी कधी पाहिली नव्हती.

चितेजवळ मधुकरराव उभा होता. जुन्या पाटलांच्या घरचा, गावचा पुढारी. मानाची जोडी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच घरची असायची. त्यानं दादाचा हात धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाला,

"नत्थूजी, जोवर या गावात पोळा भरते, तोवर तोरणाखालून पयली जोडी गजूच्या घरची जाईन. हा माहा शब्द हाय."

अख्खं गाव "हो" म्हणालं.

गजूच्या नावाचा रस्ता होणार होता. शाळेला नाव लागणार होतं. काहीच झालं नाही. आखराच्या कडेला एक ओटा आणि काळा दगड, तेवढा गावकऱ्यांनी उभा केला. दर स्वातंत्र्यदिनी गजूच्या आईला, जयवंतावहिनीला, मंचावर बोलावतात, शाल देतात. शालींनी पेटी भरली. वहिनी त्यातली एकही पांघरत नाही.

दादानं कशाचीच तक्रार केली नाही. त्याला फक्त पोळा हवा होता. वर्षातून एकदा गजूचे बैल सगळ्यांच्या पुढं चालायचे. त्या दिवशी दादा पागोटं बांधायचा, ताठ चालायचा. मला वाटायचं, त्या थोड्या पावलांपुरता त्याचा मुलगा त्याला परत मिळतो.

आता त्या दोन वर्षांमागच्या पोळ्याचं सांगते.

दुपारी वहिनी पुरणपोळ्या करत होती. दादा अंगणात बैलांच्या झुली झटकत होता. गजूचा धाकटा भाऊ प्रफुल्ल आला आणि दाराशी उभा राहिला. हल्ली तो मधुकररावाच्या मागं मागं असायचा. पंचायतीच्या निवडणुकीत उभा राहणार होता.

"बाबा, या वर्षी आपली जोडी मांगं राहीन."

दादाचा हात थांबला. "कोन म्हनलं?"

"मधुकरभाऊकडं मोठे मेहमान येऊन राहिले. उद्याची पांढुर्ण्याची गोटमारीची जत्रा पाहाले आले, आज आपल्या गावात पोळा पाहातीन. मधुकरभाऊनं नवी जोडी घेतली. तेच पुढं राहीन. एका वर्षाचीच गोष्ट हाय."

"गावानं काय म्हनलं?"

"गावानं परवाच होय म्हनलं. बैठक झाली."

परवा. दोन दिवस सगळ्या गावाला माहीत होतं. सकाळी दूध द्यायला आलेल्या बाईला माहीत होतं. पाण्यावर भेटलेल्या बायकांना माहीत होतं. फक्त या घरात कोणी बोललं नव्हतं.

"आन आपल्या घरातून कोन होय म्हनलं?" दादानं विचारलं.

प्रफुल्ल जमिनीकडं पाहत होता.

"मीच म्हनलो. अजून किती दिवस मेलेल्या मानसाच्या नावावर चालाचं, बाबा? मले पन जगाचं हाय का नाई?"

वहिनी चुलीपाशी होती. तव्यावरची पोळी जळाली. तिनं ती उलटली नाही.

दादानं झुली घडी करून खुंटीवर टाकल्या. बैल गोठ्यात नेऊन बांधले. बाहेरून कडी घातली आणि दारासमोर बाज टाकून बसला.

"माहे बैल येत नाईत. जा, सांग तुह्या मधुकरभाऊले."

"आन मले त्याची जोडी धराले सांगतली हाय..." प्रफुल्ल पुटपुटला.

"मंग धर ना. शोभून दिसन तुले."

दिवस कलला. वहिनीनं निरांजन घेतलं. दर पोळ्याला गजूच्या ओट्यावर ती दिवा लावते. मी तिच्यासोबत निघाले.

आखरावर पोहोचलो... आणि ओटा दिसेना.

पाहुण्यांच्या स्वागताचं मोठं बॅनर ओट्याच्या समोरच बांधलं होतं. मधुकररावाचा हात जोडलेला फोटो. काळा दगड पार झाकला होता.

 वहिनी बॅनरच्या मागं वाकून गेली, तिथं अंधारात दिवा लावून परत आली, आणि बॅनरच्या कडेला माझ्याजवळ उभी राहिली.

तिकडं झडत्या सुरू झाल्या. हशा, ढोल, माईकवर मधुकररावाचा आवाज. त्याची नवी जोडी खरंच देखणी होती. मखमली झुली, शिंगांना बेगड, कपाळावर बाशिंग. आणि कासरा धरून पुढं... आमचा प्रफुल्ल.

त्यानं आमच्याकडं पाहिलं नाही.

"चाला!" कोणीतरी ओरडलं.

जोडी तोरणापर्यंत आली.

आणि थांबली.

प्रफुल्लनं कासरा ओढला. बैल हलले नाहीत. मागून कोणी शेपटी पिरगाळली. कोणी काठी मारली. बैलांच्या अंगावर शहारे येत होते, पण पाऊल पुढं पडेना. ते समोर पाहत होते. तोरणाच्या खाली. तिथं कोणीच नव्हतं.

"काहून बे, मेहमानाले लाजून राहिले का बैल?" एक जण हसला.

दुसरं कोणी हसलं नाही.

कारण तेवढ्यात सगळ्यांच्या लक्षात आलं... आखरावर एकही घुंगरू वाजत नव्हतं.

इतके बैल उभे होते. बैल कधी असे उभे राहतात का? मान हलते, माशी बसते, माळ वाजते. पण त्या वेळी सगळे दगडासारखे होते. ढोलवाल्याचा हातही थांबला. माईकमधून नुसती घरघर.

आणि मग...

आमच्या मागून, ओट्याकडून, घुंगरांचा आवाज आला.

छन... छन... छन...

एका जोडीचा. हळू. एका तालात. जसं कोणी बैलांना परेडच्या चालीनं चालवत असावं.

वहिनीनं माझं मनगट धरलं. 

बॅनर एकदा मागून पुढं फुगलं. वारा नव्हता. दिव्याची ज्योत सरळ उभी होती.

आवाज आमच्या बाजूनं पुढं गेला. माझ्या नाकात एक वास शिरला. शेणाचा नाही, बैलांचा नाही... बुटाच्या पॉलिशचा.

गर्दी आपोआप दोन्ही बाजूंना सरकली. कोणी कोणाला सरक म्हणालं नव्हतं. मधल्या रिकाम्या वाटेनं घुंगरं वाजत गेली. प्रफुल्लच्या अगदी जवळ येऊन थांबली.

प्रफुल्लची मान वळली. कोणी कानाशी बोलावं, तशी.

त्याच्या हातातून कासरा गळाला.

मग तोरण मधोमध वर उचललं गेलं... खालून शिंगं गेल्यासारखं. आणि तुटून पडलं.

पोळा फुटला. "हर हर महादेव" कोणी म्हणालंच नाही. सगळे बैल एकदम उधळले. पाहुण्यांच्या खुर्च्या पडल्या, आरडाओरडा झाला. आम्ही दोघी कशा घरी पोहोचलो, मला नीट आठवत नाही.

दादा बाजेवरच बसला होता. दाराची कडी तशीच.

"कोणी आलं होतं का, दादा?" मी धापा टाकत विचारलं.

"कोन येनार? मी इथून उठलोच नाई. काहून, काय झालं?"

वहिनीनं कडी काढली. मी कंदील धरला.

ढवळ्या आणि बांड्या शांत उभे होते. दावी तशीच बांधलेली. अंगाला मात्र घाम. बांड्याच्या शिंगात आंब्याचं एक पान अडकलं होतं.

आणि त्यांचे खूर...

काळेभोर. चमकत होते. कंदिलाची ज्योत त्यात दिसत होती.

दादा खाली बसला. एका खुरावरून त्यानं बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

पोळा फुटला की बैल घरोघरी नेतात. दारात बाई बैलांच्या पायांवर पाणी घालते, ओवाळते, पुरणपोळी चारते. वहिनीनं त्या दिवशी पुरणपोळी चारली, ओवाळलं. पाणी नाही घातलं.

"पाय नाई धूत मी," ती म्हणाली. "त्यानं एवढ्या मायेनं चमकावले."

प्रफुल्ल रात्री आलाच नाही. आला तो तिसऱ्या दिवशी. निवडणुकीला उभा राहिला नाही. आता नागपूरला कुठंतरी काम करतो. पोळ्याला येत नाही. बैलगाडी जवळून गेली तरी कानांवर हात ठेवतो, असं त्याची बायको सांगते.

मधुकरराव मागच्या वर्षी नारळ घेऊन दादाकडं आला. "नत्थूजी, मान तुमचाच. झालं गेलं इसरून जा."

दादा म्हणाला, "मान द्याले तुमी कोन, भाऊ? ज्याचा होता तो घेऊन गेला."

नारळ ओसरीवर तसाच पडून राहिला.

प्रफुल्लला त्या संध्याकाळी काय ऐकू आलं, ते त्यानं बापाला सांगितलं नाही. बायकोला सांगितलं नाही. आईला मात्र सांगितलं. आणि वहिनीनं मला.

"भाऊच होता म्हने. रागात नोयता. नुसतं इचारलं त्यानं... 'प्रफुल्ल, तू पन होय म्हनला का रे?'"

एवढंच.

मला वाटलं, गोष्ट इथं संपली. पण गेल्या महिन्यात गावचे अरविंदजी दवाखान्याच्या कामानं सौंसरला आले होते. माझ्याकडं चहाला थांबले. त्या बैठकीत तेही होते. चेहरा पार उतरलेला. 

"नलिनीबाई, संध्याकाळी दारात घुंगरं वाजते," ते म्हणाले. "उघडून पाहातो तं कोनी नाई. पयले मधुकररावाकडं वाजले. मंग शेजारी. आता माह्याकडं. अन् तोच इचारते. सगळ्याले एकच इचारते."

मग आवाज खाली आणून म्हणाले,

"बाई, तो घरोघरी फिरून राहिला काय हो... पोळ्याच्या जोडीवानी?"

मी त्यांच्या कपात पुन्हा चहा ओतला. 

माझं घर गावापासून लांब आहे. त्या बैठकीत मी नव्हते. तरी पोळा जवळ आला की दिवस मावळायच्या आत मी फाटकाला कडी लावते.

आणि कडी लावल्यावर, दाराशी पाण्याचा एक गडवा भरून ठेवते. ओवाळणीचं ताट ठेवते.

आमचा गजू आहे. आलाच, तर दारातून तसाच कसा जाऊ देऊ?